पाहुण्याचं दार

ठिणगीच्या घरी खाली बाबांचा सुतारकामाचा कारखाना होता आणि वर राहायची जागा, त्यामुळे गाद्या-उशांपासून शाळेच्या डब्यापर्यंत सगळ्याला भुशाचा वास यायचा. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तू आलीस की नवं कपाट आल्यासारखं वाटतं. वर्षापूर्वी हे ऐकून ठिणगीनं दप्तरात तोंड खुपसलं असतं. आता ती म्हणायची, "मग जपून उघडा गं, आत खूप सामान आहे!"

ठिणगी हे नावही याच वर्षीचं. त्याआधी तिला मुकी म्हणायचे, कारण चारचौघांत तोंड उघडायची वेळ आली की तिच्या घशाला कुलूप लागायचं. मग वक्तृत्वाच्या स्पर्धेला जाणारी मुलगी ऐनवेळी तापानं फणफणली, बाईंनी हिला पुढे ढकललं, आणि कुलूप जे उघडलं ते उघडलंच. "धरण फुटलंय," बाबा म्हणायचे, "आता गावाला इशारा द्या."

एकच गोष्ट राहिली होती. आईनं तिला अजून एकदाही मंचावर ऐकलं नव्हतं. आई रुग्णालयात परिचारिका, आणि स्पर्धा नेमक्या आईच्या पाळीत यायच्या. पण येत्या शनिवारी, अंतिम फेरीच्या दिवशी, आईनं कुणाकुणाच्या हातापाया पडून पाळी बदलून घेतली होती. "उशीर होईल," ती म्हणाली होती, "पण मागच्या दारानं का होईना, येणार. तू मागच्या दाराकडे बघूनच बोल." ठिणगीनं भाषण पाठ केलं होतं ते मागच्या दाराकडे बघत.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे घडलं ते दाराचंच घडलं.

वरच्या मजल्यावर मागे एक खोली होती. एक खिडकी, तिला गज. एक दार. ते बाबांनी स्वतः केलेलं, त्यांचा फार जीव होता त्या दारावर. जिना अरुंद, शेवटच्या पायरीवर उभ्या माणसाला फळी लागायला नको, म्हणून ते खोलीच्या आत उघडणारं केलं होतं. दहा वर्षांत ते कधी फुगलं नाही, कधी कुरकुरलं नाही. एका बोटानं ढकललं की उघडायचं.

या खोलीत तिघं खेळायची. ठिणगी, तिची मोठी बहीण ताई, आणि आतेभाऊ वकील. वकील हे अर्थातच टोपणनाव. तो हरला की नियम काढून बसायचा, आणि जिंकला की निकाल वाचून दाखवायचा. खेळ होता टीव्हीवरचा, जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेला. चौघांनी मिळून खेळायचा, सोंगट्यांसारखा फासा टाकत पुढे जायचं, आणि मधेच चक्र फिरून एखादा छोटा खेळ यायचा. कधी सगळे सगळ्यांविरुद्ध, कधी दोघं दोघांविरुद्ध, आणि कधी एकावर तिघं.

पण चौघं लागायचीच. घरात तिघं. चौथ्याच्या जागी यंत्र स्वतः खेळायला तयार असायचं, पण ते इतकं लबाड होतं की वकिलानं त्याला पहिल्याच दिवशी घराबाहेर काढलं. मग ताईनं युक्ती काढली. चौथा रिमोट जोडायचा, माणूस म्हणून नोंदवायचा, आणि बाबांच्या कारखान्यातल्या एका तिवईवर ठेवून द्यायचा. नाव काय द्यायचं? "पाहुणा," ठिणगी म्हणाली. त्या घाईत त्याचा चेहरा निवडायचा राहिला. पडद्यावर पिवळ्या टोपीची ठिणगी, हिरव्या टोपीची ताई, लाल टोपीचा वकील, आणि राखाडी टोपीखाली नुसतं गुळगुळीत काहीतरी.

रोज खेळ सुरू करताना तिवई पुढे ओढायची आणि तिघांनी एका सुरात म्हणायचं, "या पाहुणे, बसा!" हा घरचा रिवाजच होऊन गेला. पाहुणा बसायचा. काही करायचा नाही. आपली पाळी आली की वेळ संपून फासा आपोआप पडेपर्यंत उभा राहायचा, तेही आपल्याकडे पाठ फिरवून.

एकावर तिघं या प्रकारातला त्यांचा सर्वांत लाडका खेळ म्हणजे कोंडवाडा. हे नाव त्यांनीच दिलेलं. एक चौकोनी खोली, तीन दारं. एकटा आत. बाहेर तिघं, एकेका दाराला पाठ लावून. एकट्यानं तीस सेकंदांत बाहेर पडायचं. बाहेरच्यांनी बटण दाबत राहायचं, दार धरून ठेवायचं. धरणारा दमला की दार बोटभर उघडायचं, आणि दम परत आला की मिटायचं.

सुरुवातीला कोंडवाड्यात जायला सगळे घाबरायचे. मग कळलं की एक दार नेहमी मोकळंच असतं. पाहुण्याचं. तो कशाला बटण दाबतोय! चक्रावर आपली टोपी आली की सरळ पाहुण्याच्या दाराकडे पळायचं, त्याच्या पाठीला घासून बाहेर. ठिणगी असं चाळीस वेळा तरी सुटली असेल.

आणखी एक नियम होता, वकिलाचा. अर्धा डाव सोडायचा नाही.

त्या रविवारी दुपारी चक्र फिरलं आणि पहिल्यांदाच राखाडी टोपीवर थांबलं. पाहुणा आत, ही तिघं बाहेर.

"अरे देवा, पाहुणे अडकले!" ताई हसून हसून आडवी झाली.

"युक्तिवाद सुरू करा, पाहुणे," वकील म्हणाला. "आपली बाजू मांडा."

पाहुणा खोलीच्या मधोमध उभा होता. घड्याळ उलटं पळत होतं. पंचवीस, बावीस, अठरा. कुणी बटणही दाबत नव्हतं.

पंधराव्या सेकंदाला पाहुणा वळला.

तो चालत ठिणगीच्या दाराशी आला. खोलीतल्या तिवईवरचा रिमोट एकदा घरघरला, आणि पडद्यावरचं तिचं दार बोटभर उघडलं. ठिणगीचा अंगठा आपोआप बटणावर आपटू लागला. दार मिटलं. रिमोट पुन्हा घरघरला. दार उघडलं.

"सेल उतरलेत त्याचे," वकील म्हणाला. त्याचा आवाज मात्र निकाल वाचणारा नव्हता. "असं होतं सेल उतरले की."

ठिणगीनं दार दाबून धरलं. पाहुण्यानं ढकलणं थांबवलं, आणि तो गुळगुळीत चेहरा वर केला. म्हणजे पडद्याबाहेर. जिथे ही तिघं बसली होती, तिथे.

बारा सेकंद उरले होते. खालून बाबांनी जेवायला तिसरी हाक मारली. ठिणगी उठली आणि तिनं भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं.

"ए, अर्धा डाव!" वकील ओरडला.

"राहू दे आत!" ठिणगी म्हणाली. "पाहुणा एक दिवसाचा असतो, याला काय घरजावई करून घ्यायचंय?"

सगळी हसली. पण आठवडाभर कुणीच टीव्ही लावला नाही.

शनिवारी साडेतीनला ठिणगी तयार होती. गणवेशाला इस्त्री, वेणी घट्ट, भाषणाचा कागद खिशात. साडेचारला स्पर्धा सुरू, तिचा क्रमांक पहिलाच. बाबा चारला स्कूटर काढणार होते. वकील आणि ताई तिला शुभेच्छा द्यायला म्हणून मागच्या खोलीत जमली होती, म्हणजे खरं तर तिच्या खिशातला कागद पळवायला.

"एक डाव," ताई म्हणाली. "शकुनाचा. पाच मिनिटं."

ठिणगी नको म्हणणार होती. पण नको म्हणणं म्हणजे घाबरणं, आणि घाबरायचं तिनं याच वर्षी सोडलं होतं. तिनं टीव्ही लावला. तिवई पुढे ओढायला कुणीच उठलं नाही. "या पाहुणे" कुणी म्हटलं नाही.

फासा आला नाही. चक्र आलं नाही. थेट कोंडवाडा आला. आत पिवळी टोपी, बाहेर तिघं.

"बरं झालं, पटकन सुटते," असं म्हणत ठिणगी पाहुण्याच्या दाराकडे पळाली.

दार बंद होतं.

तिनं ढकललं. ताई आणि वकील आपापली बटणं सोडून नुसतेच बघत होते, तरी त्यांची दारंही हलेनात. तिवईवरचा रिमोट घरघरत होता, एका लयीत. तीस सेकंद संपले. पुन्हा कोंडवाडा आला. पुन्हा पिवळी टोपी आत.

"बंद कर," ताई म्हणाली.

ठिणगीनं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. रिमोटही थांबला. खाली बाबांचा रंधा चालल्याचा आवाज येत होता, नेहमीसारखाच, आणि तो ऐकून तिघांनाही बरं वाटलं.

"चला, मी निघते," ती म्हणाली, आणि तिनं दाराची मूठ ओढली.

दार उघडलं नाही.

कडी वर होती. खिटी काढलेली होती. ताईनं ओढलं, मग वकिलानं, मग दोघांनी मिळून. वकिलानं खाली वाकून फटीतून पाहिलं. "काही अडकलेलं नाही," तो म्हणाला.

ठिणगीनं खिडकीच्या गजांतून हाक मारली. रंधा थांबला. बाबा जिना चढून आले, त्यांच्या चपलांचा आवाज शेवटच्या पायरीवर थांबला.

"काय चाललंय? पावणेचार झाले."

"बाबा, दार फुगलंय."

"माझं दार?" बाबा दुखावले. त्यांनी बोटानं ढकललं, मग तळव्यानं, मग खांद्यानं. दार बोटभर आत आलं, आणि परत मिटलं. "ए, मस्करी पुरे. बाजूला व्हा."

"आम्ही बाजूलाच आहोत, मामा," वकील म्हणाला. तिघंही तेव्हा खिडकीला पाठ टेकून उभी होती.

बाबांनी पुन्हा खांदा लावला. बोटभर उघडलं. मिटलं. मग ते दाराच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवत गेले. दाराच्या पलीकडून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"फुगलेलं दार एका जागी धरतं," शेवटी ते म्हणाले, अगदी हळू. "वर नाहीतर खाली. हे तसं धरत नाहीये. हे दार दमतंय." थोडं थांबून म्हणाले, "लाकूड दमत नाही गं पोरी."

ताईनं वकिलाचा हात धरला.

"ऐक," बाबा म्हणाले, आणि त्यांचा कामाचा आवाज परत आला. "बिजागऱ्या तुमच्या बाजूला आहेत. खालच्या फटीतून पटाशी सरकवतो. बिजागरीतली खीळ खालून वर ठोक. तिन्ही काढ. मग दाराला धरून ठेवायला काही राहत नाही."

पटाशी आली. ठिणगीनं चपलेनं ठोकून पहिली खीळ काढली, दुसरी, तिसरी. सुताराची पोर होती ती, तिला हे यायचं. तीन खिळी जमिनीवर टणटणत पडल्या. आता दार कशालाही जोडलेलं नव्हतं. तिनं मूठ ओढली. बाबांनी ढकललं.

दार उभंच राहिलं.

ताई रडायला लागली, आवाज न करता. भिंतीवरच्या घड्याळात चारला सात मिनिटं कमी होती. ठिणगीला आपल्या घशात जुनं कुलूप फिरल्यासारखं वाटलं. आई एव्हाना एप्रन घडी करून पिशवीत घालत असेल. मागच्या दाराशी येईल, आत बघेल, आणि मंचावर दुसरंच कुणीतरी असेल.

तिनं तिवईकडे पाहिलं.

मग जाऊन टीव्ही लावला.

"वेडी आहेस का?" वकील म्हणाला.

पडद्यावर रविवार होता. खोलीच्या आत राखाडी टोपी, ठिणगीच्या दाराशी. बाहेर पिवळी, हिरवी, लाल. घड्याळात बारा. अंक हलत नव्हता. कुणीतरी रिमोट हातात घ्यायची वाट बघत असावा तसा.

"अर्धा डाव," ठिणगी म्हणाली. "रिमोट घ्या. आणि बटण दाबू नका."

"म्हणजे मुद्दाम हरायचं?"

"हो."

"हे नियमात नाही—"

"वकीलसाहेब, गप्प बसा!" रडता रडता ताई ओरडली.

तिघांनी रिमोट उचलले. बारा. अकरा. ठिणगीनं दोन्ही अंगठे हवेत धरले.

नऊ.

पाहुणा लाल दाराकडे गेला नाही. हिरव्याकडे गेला नाही.

सात.

तिवईवरचा रिमोट एकदाच घरघरला. पिवळं दार उघडलं.

पाहुणा बाहेर आला. पिवळ्या टोपीला घासून पुढे गेला, चालत चालत मोठा होत पडद्याच्या कडेशी आला, आणि मग पडद्यावर नव्हता.

आत्ता कुठे खोलीतलं दार हललं. ते पडलं नाही. बिनबिजागऱ्यांचं ते जड सागवानी दार सरळच्या सरळ बाजूला झालं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं, एखाद्यानं उचलून नीट ठेवावं तसं. बाबा खांद्यासकट आत कोलमडले.

"चला," ते म्हणाले. दाराकडे न बघता त्यांनी ठिणगीचं मनगट पकडलं.

स्कूटर भरधाव निघाली. ठिणगीचा जीव भांड्यात पडला होता, आणि असा पडला की ती बडबडायला लागली. भाषणाची सुरुवात, बाईंचा चष्मा, पहिल्या क्रमांकाचा फायदा. बाबा हूं हूं करत होते. सिग्नलला थांबल्यावर त्यांनी मान थोडी वळवली.

"तुमच्यातलं कोण टेकलं होतं गं दाराला?"

"कुणीच नाही. बाहेरूनच कुणीतरी धरलं होतं, बाबा."

"बाहेर मी होतो."

तिनं बाबांचा शर्ट मागून घट्ट धरला.

"ते दार आत उघडतं," बाबा म्हणाले. "मीच केलंय. मी बाहेरून ढकलत होतो, आणि पलीकडून मला कुणीतरी खांदा देत होतं. आत उघडणाऱ्या दाराला ढकलून अडवायचं, तर अडवणारा आतच लागतो."

सिग्नल सुटला. बाबांनी स्कूटर पुढे काढली. मागच्या सीटवर ती आधीपेक्षा थोडी पुढे सरकून बसली. मागे जागा होती. बरीच होती.

साडेचारला पाच मिनिटं असताना ती मंचामागे पोचली. बाबा पहिल्या रांगेत जाऊन बसले. तिचं नाव पुकारलं गेलं. दिवे तोंडावर, समोर तीनशे डोकी, आणि ती एकटी. पहिलं वाक्य बाहेर पडेपर्यंत कुलूप किंचित फिरलं. मग उघडलं, आणि ठिणगी सुटली. लोक हसायच्या जागी हसले, गप्प व्हायच्या जागी गप्प झाले. तिला वाटलं, आज मी छप्पर उडवणार.

ती मागच्या दाराकडे बघून बोलत होती.

दार बंद होतं. लाकडी, वर काचेची छोटी चौकट. भाषण अर्ध्यावर आलं तेव्हा त्या काचेत आई दिसली. धावत आलेली, केस विस्कटलेले, खांद्याला पिशवी. आईनं काचेतून हात हलवला, मग दाराला तळवा लावला.

परीक्षकांनी इशाऱ्याची घंटा वाजवली. तीस सेकंद राहिले होते.

आईनं दुसरा तळवा लावला. मग खांदा. तिचे ओठ हलत होते, पण काचेतून काही ऐकू येत नव्हतं. दारापाशी आतल्या बाजूला कुणीही उभं नव्हतं. शेवटची रांग रिकामी होती, सगळे पुढे बसले होते.

ठिणगी बोलत राहिली. शब्द पाठ होते, ते आपोआप येत होते. तिचं लक्ष दाराच्या कडेकडे होतं. आई बाहेरून ढकलत होती, म्हणजे दार आत उघडणारं होतं.

ते बोटभर उघडलं, आणि हळूच मिटलं.

ती वाट बघत राहिली, ते पुन्हा बोटभर उघडण्याची. पण आता ते दमत नव्हतं.